ताबा सुटला की मन आजारी होतं? इंग्लंडमधल्या खुनाच्या खटल्यात आंशिक बचाव निवडताना

इंग्लंड आणि वेल्समध्ये खून शाबित झाला की न्यायाधीशाला जन्मठेप द्यावीच लागते. १९६५ साली फाशी गेली आणि तिच्या जागी ही सक्तीची जन्मठेप आली. पॅरोलचा विचार होण्याआधी किमान किती वर्षं आत काढायची, एवढंच न्यायाधीश ठरवतो. त्याचं मोजमाप २०२० च्या सेंटेन्सिंग ॲक्टच्या २१ व्या परिशिष्टात आहे. प्रौढ आरोपीच्या बाबतीत साध्या खुनाला सुरुवात १५ वर्षांपासून होते. वापरायच्या हेतूने सुरी बरोबर नेली असेल तर २५, बंदुकीने किंवा पैशासाठी मारलं असेल तर ३०, आणि टोकाच्या प्रकरणात मरेपर्यंत कैद.

आंशिक बचावाचं सगळं महत्त्व या सक्तीतून येतं. तो यशस्वी झाला तर आरोपी सुटत नाही, पण गुन्हा खुनावरून मॅनस्लॉटरवर उतरतो. मॅनस्लॉटर म्हणजे आपल्याकडच्या सदोष मनुष्यवधाच्या जवळचा गुन्हा. त्याला कमाल शिक्षा जन्मठेप, किमान काहीच नाही, आणि गरज असेल तर तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात पाठवता येतं. खुनाला ही शेवटची वाट पूर्ण बंद आहे.

असे बचाव तीन: लॉस ऑफ कंट्रोल (स्वतःवरचा ताबा सुटणं), डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी (मानसिक आजाराने जबाबदारी घटणं) आणि सुइसाइड पॅक्ट. तिसरा १९५७ च्या होमिसाइड ॲक्टच्या कलम ४ मध्ये आहे. दोघांनी मिळून मरायचं ठरवलं, एकाने दुसऱ्याला मारलं आणि तो स्वतः वाचला, एवढ्यापुरताच तो लागतो. आपलाही मरायचा पक्का इरादा होता हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. आजारी जोडीदाराला दयेपोटी मारणाऱ्याला तो मिळत नाही. दयामृत्यू असा बचाव त्या कायद्यात नाहीच. खरी निवड पहिल्या दोनांत करायची असते. तिथे परीक्षेत विद्यार्थी घसरतात आणि खटल्यात वकीलसुद्धा.

आंशिक बचावाकडे वळण्याआधी

सर्वांत जास्त गुण इथे जातात. परीक्षेच्या प्रश्नातल्या गोष्टीत मारहाण करणारा नवरा दिसला की लगेच लॉस ऑफ कंट्रोल लिहायला घेतात. आधी बघायचं की खून झालाय का. जीव घेण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा इरादा लागतो; दुसरा पुरतो, हे १९८१ साली कनिंगहॅम खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, पक्कं केलं. सरळ इरादा नसेल तर वूलिन खटला, १९९८: मृत्यू किंवा गंभीर इजा जवळजवळ अटळ होती आणि आरोपीला ते कळत होतं, असं असेल तरच ज्युरी त्यावरून इरादा ठरवू शकते. इरादाच शाबित होत नसेल तर आंशिक बचावाला हात लावायचं कारण नाही. गुन्हा एरवीही मॅनस्लॉटरच्या वर जात नाही.

मग स्वसंरक्षण. तो पूर्ण बचाव आहे, यशस्वी झाला तर निर्दोष सुटका. म्हणून तो नेहमी आधी. धमकी देऊन माझ्याकडून करून घेतलं, ही सबब खुनाला चालत नाही (हाव, १९८७). आणि आईने स्वतःचं बारा महिन्यांच्या आतलं मूल मारलं असेल, तर १९३८ च्या इन्फंटिसाइड ॲक्टकडे आधी बघा. तो रस्ता खालच्या दोन्हींपेक्षा सोपा आहे.

लॉस ऑफ कंट्रोल

जुना प्रोव्होकेशनचा (प्रक्षोभाचा) बचाव ४ ऑक्टोबर २०१० पासून रद्द झाला. त्यानंतरच्या घटनांना २००९ च्या कॉरोनर्स अँड जस्टिस ॲक्टची कलमं ५४ आणि ५५ लागतात. घटक तीन आणि तिन्ही लागतात.

पहिला: स्वतःवरचा ताबा खरोखर सुटला पाहिजे. नुसता राग पुरत नाही, संतापही नाही. ज्यूअल, २०१४ मध्ये अपील कोर्टाने दिलेली मांडणी पाठ असू द्या: विचारपूर्वक निर्णयाप्रमाणे वागण्याची क्षमता गेली किंवा तर्कबुद्धीच काम करेनाशी झाली. त्या खटल्यात आखणीचा पुरावा इतका भक्कम होता की बचाव ज्युरीपर्यंत पोचलाच नाही. ताबा अचानक सुटायला हवा असं मात्र नवीन कायदा म्हणत नाही. ते स्पष्ट शब्दांत काढलं आहे. पण मध्ये जितका वेळ जाईल तितका विचारपूर्वक सूड घेतल्याचा संशय गडद होतो, आणि तो सूड शाबित झाला की बचाव संपला.

दुसरा घटक: कायद्याने मान्य केलेलं कारण, म्हणजे क्वालिफाइंग ट्रिगर. अशी कारणं दोनच. एक, मयताकडून स्वतःवर किंवा ओळखता येईल अशा दुसऱ्या कोणावर गंभीर हिंसा होईल ही भीती. दोन, असं काही बोललं किंवा केलं गेलं की परिस्थिती अत्यंत गंभीर झाली आणि आपल्यावर मोठा अन्याय झालाय असं आरोपीला रास्तपणे वाटलं. यातल्या ‘अत्यंत’ आणि ‘रास्तपणे’ या दोन शब्दांवर बहुतेक दावे मोडतात, कारण त्यांचं माप आरोपीच्या मनात नसतं, ज्युरीच्या हातात असतं. डॉज, २०१३ मध्ये कोर्टाने बजावलं की नातं तुटणं हे एरवी या पातळीपर्यंत पोचत नाही. आणि भांडण मुद्दाम, हिंसेला निमित्त मिळावं म्हणूनच उकरून काढलं असेल, तर ते निमित्त मोजायचं नाही.

लैंगिक बेइमानी हे स्वतंत्र कारण म्हणून कायद्याने वगळलंय. क्लिंटन, २०१२ नंतर ती संदर्भ म्हणून विचारात घेता येते: दुसरं मान्य कारण हजर असेल आणि त्याचं गांभीर्य समजायला ती लागत असेल, तरच.

भारतातून एलएलबी करून तिकडे गेलेल्यांनी इथे विशेष जपावं. ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ डोक्यात घट्ट बसलेला असतो आणि त्याच्या मागे नानावटी खटला. मुंबईत २७ एप्रिल १९५९ ला नौदलाचा अधिकारी दुपारी दीडला घरून निघाला, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, तीन तास हा शांत व्हायला पुरेसा वेळ आहे. आजच्या इंग्लंडमध्ये तेच प्रकरण वेगळ्या जागी अडतं. तीन तासांमुळे दार आपोआप बंद होत नाही, पण बेइमानी हेच एकमेव कारण असल्याने ट्रिगरच उभा राहत नाही. निकाल तोच, वाट निराळी. उत्तरपत्रिकेत वाटेचे गुण असतात.

तिसरा घटक मोजपट्टीचा. आरोपीच्याच वयाची, त्याच लिंगाची, सर्वसाधारण सहनशक्ती आणि संयम असलेली व्यक्ती त्याच परिस्थितीत तशीच किंवा साधारण तशी वागली असती का? परिस्थितीत सगळा पूर्वेतिहास येतो, वर्षानुवर्षांची मारहाणसुद्धा. जे फक्त ‘हा मुळातच तापट’ एवढंच सांगतं ते वगळायचं. मानसिक आजाराने संयम कमी झालाय, हा मुद्दाही इथे चालत नाही (रेयमान्स्की, २०१७). मात्र त्याच आजारावरून मयताने हिणवलं असेल, तर तो परिस्थितीचा भाग होतो.

डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी

हा १९५७ च्या होमिसाइड ॲक्टच्या कलम २ मध्ये आहे, २००९ च्या कायद्याने नव्याने लिहिलेला. इथे मयताने काय केलं हा प्रश्नच नाही. मानसिक कार्यात बिघाड हवा. तो वैद्यकशास्त्राने मान्य केलेल्या आजारातून आलेला हवा. त्याने तीनपैकी निदान एक क्षमता भरीवपणे कमी केलेली हवी, म्हणजे आपण काय करतोय हे समजणं, विवेकाने ठरवणं किंवा स्वतःला आवरणं. आणि त्या बिघाडातून कृत्याचा उलगडा झाला पाहिजे: तो कृत्याचं कारण किंवा निदान एक महत्त्वाचा कारक घटक असला पाहिजे.

‘भरीवपणे’ या शब्दावर गोल्ड्स, २०१६ हा ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. नगण्यपेक्षा थोडं जास्त, एवढं पुरत नाही. न्यायाधीशाने त्या शब्दाची व्याख्या करत बसू नये, पण ‘नगण्य नाही म्हणजे भरीव’ असा समज ज्युरीत पसरत असेल तर तो दुरुस्त करावा.

या बचावाचा आवाका मोठा आहे: स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार), व्यक्तिमत्त्व विकार. टोनी मार्टिन या नॉरफोकच्या शेतकऱ्याने १९९९ साली घरात शिरलेल्या चोराला गोळी घातली. स्वसंरक्षण ज्युरीने नाकारलं, खून शाबित झाला आणि २००१ साली अपिलात पॅरानॉइड व्यक्तिमत्त्व विकाराच्या पुराव्यावर तो मॅनस्लॉटरवर आला. अफगाणिस्तानात जखमी कैद्याला मारणारा मरीन सार्जंट ब्लॅकमन याचाही गुन्हा २०१७ मध्ये ॲडजस्टमेंट डिसॉर्डर या ताणातून येणाऱ्या मानसिक विकाराच्या आधारे असाच उतरला. दोघांच्याही पहिल्या खटल्यात ‘मी आजारी होतो’ हे सांगितलं गेलं नव्हतं.

सिद्ध कोणी करायचं

इथे दोन्ही बचाव अगदी उलटे आहेत आणि निवड पुष्कळदा इथेच होते. लॉस ऑफ कंट्रोलमध्ये बचाव पक्षाने फक्त पुरेसा पुरावा पुढे आणायचा. नीट मार्गदर्शन मिळालेली ज्युरी ‘हा बचाव लागू असू शकेल’ असं वाजवीपणे म्हणू शकते, असं न्यायाधीशाला वाटलं की पुढचं ओझं सरकार पक्षावर. बचाव लागू नाही हे त्यांनी वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचं.

डिमिनिश्डमध्ये सगळं आरोपीने सिद्ध करायचं. माप थोडं हलकं, म्हणजे नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त. पण ज्युरीचं मन पन्नास-पन्नासवर अडकलं तर आरोपी हरतो. लॉस ऑफ कंट्रोलमध्ये त्याच पन्नास-पन्नासवर तो जिंकतो.

मग सगळे पहिलाच का घेत नाहीत? कारण न्यायाधीशाचा उंबरठा. क्लिंटनपासून अपील कोर्ट सांगत आलंय की तिन्ही घटकांचा पुरावा काटेकोर तपासल्याशिवाय हा बचाव ज्युरीपुढे जाऊ देऊ नये. बरेच दावे तिथेच थांबतात. डिमिनिश्डचा उंबरठा मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल आहे. कायद्याने तो सक्तीचा नसला तरी त्याच्याशिवाय बचाव उभा राहत नाही. आणि अहवाल भक्कम असेल, सरकार पक्षाचा डॉक्टरही सहमत असेल, तर सरकार पक्ष मॅनस्लॉटरची कबुली स्वीकारू शकतो. मग ज्युरीसमोर खुनाचा खटलाच चालत नाही. लॉस ऑफ कंट्रोलमध्ये असं क्वचित घडतं, कारण तिथे वाद घडलेल्या गोष्टीचा असतो आणि ती सांगणारा दुसरा माणूस मेलेला असतो.

दारू प्यायलेली असेल तर

नुसत्या नशेवर डिमिनिश्ड मिळत नाही. डाउड्स, २०१२: तीव्र नशेला रोगांच्या यादीत नाव असलं तरी स्वतःहून घेतलेल्या दारूची नशा इथे आजार धरायची नाही. दारूचं व्यसन हा आजार मात्र चालू शकतो. नशा आणि वेगळा आजार दोन्ही असतील तर डीचमन, २००३: ‘शुद्धीत असतो तरीही मारलं असतं’ हे दाखवावं लागत नाही. दारू बाजूला ठेवून आजाराने जबाबदारी भरीवपणे घटली होती का, एवढं बघायचं.

लॉस ऑफ कंट्रोलमध्ये अस्मेलाश, २०१३: मोजपट्टीची व्यक्ती शुद्धीत असलेली धरायची. त्यामुळे घटनेच्या रात्री आरोपी चांगलाच प्यायलेला असेल आणि आजाराची जुनी नोंद असेल, तर डिमिनिश्ड जास्त निभावतं. नोंद नसेल तर दोन्ही अवघड.

वर्षांचा हिशेब

१ नोव्हेंबर २०१८ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांत लॉस ऑफ कंट्रोलच्या तीन पायऱ्या आहेत, आणि सुरुवात १४, ८ किंवा ५ वर्षांपासून. डिमिनिश्डमध्ये उरलेली जबाबदारी जास्त असेल तर २४, मध्यम १५, कमी ७. आकडे बघून पहिला बचाव स्वस्त वाटतो आणि तुरुंगाचीच तुलना असेल तर तसा तो आहेही. पण डिमिनिश्डमध्ये १९८३ च्या मेंटल हेल्थ ॲक्टखाली कलम ३७ ची हॉस्पिटल ऑर्डर मिळू शकते, बहुधा कलम ४१ च्या निर्बंधांसह. तिला मुदत नसते. आजारी माणसाला उपचार मिळतात, पण बाहेर कधी येणार हे कुणी सांगू शकत नाही. कुटुंबाला हे आधीच नीट समजावून सांगायला हवं.

एक चूक सर्रास होते: डिमिनिश्डचे २४ आणि खुनाचे १५ एकमेकांशेजारी ठेवणं. खुनाचे १५ पूर्ण आत काढायचे असतात आणि नंतरही आयुष्यभर लायसन्स, म्हणजे अटींवरची सुटका, असतं. मॅनस्लॉटरच्या मुदतीच्या शिक्षेतला काही भाग बाहेर, लायसन्सवर जातो.

क्रॉली, मे १९८९

दोन्ही बचाव एकाच घटनेवर ताडून बघायचे तर किरणजीत अहलुवालियाचा खटला घ्यावा. मूळची पंजाबची, लग्न होऊन इंग्लंडमधल्या क्रॉली शहरात आलेली, दहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्लेली, कोर्टाकडून मनाई हुकूम घेऊनही तो न थांबलेला. त्या रात्री त्याने गरम इस्त्री चेहऱ्याजवळ धरली, सकाळी बघून घेतो म्हणाला आणि झोपला. पहाटे अडीचच्या सुमाराला ती उठली. काही दिवस आधी आणलेलं पेट्रोल बादलीत ओतलं, स्वयंपाकघरातल्या गॅसवर मेणबत्ती पेटवली, वर गेली. काही दिवसांनी तो भाजल्याने मेला आणि डिसेंबर १९८९ मध्ये तिला खुनाची जन्मठेप झाली. तेव्हाच्या प्रोव्होकेशनला ताबा अचानक सुटायला हवा होता, आणि तो झोपलेला होता.

आजचा लॉस ऑफ कंट्रोल लावा. अचानकपणाची अट नाही. सकाळच्या माराची भीती हा ट्रिगर होऊ शकतो. हिंसा तत्क्षणी व्हायला हवी असं कलम म्हणत नाही. दहा वर्षांचा छळ साचत गेल्याचा परिणामही मोजता येतो. पण आधी आणलेलं पेट्रोल, खाली जाणं, वर येणं: सरकार पक्ष या प्रत्येक पायरीला सूड म्हणेल. आणि ताबा ‘खरोखर सुटला’ का, या प्रश्नावर मंद आचेवर भाजल्यासारखी घुसमट सहन केलेली बाई रागाने बेभान झालेल्या पुरुषाइतकी सहज बसत नाही. कायद्याचा हा दोष २०१० च्या दुरुस्तीने कमी झाला, गेला नाही.

डिमिनिश्ड लावा. तीव्र नैराश्य होतं आणि त्याचा एक वैद्यकीय अहवाल पहिल्या खटल्याच्या वेळीही अस्तित्वात होता. कुणी त्याचा पाठपुरावा केला नाही. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने प्रकरण लावून धरलं, जुलै १९९२ मध्ये अपील कोर्टाने नव्या पुराव्यावर फेरखटला दिला. सप्टेंबरमध्ये डिमिनिश्डवर मॅनस्लॉटर मान्य झालं आणि तीन वर्षं चार महिने, म्हणजे तोवर भोगलेली शिक्षा, देऊन तिला सोडलं.

म्हणजे डिमिनिश्डने ती घरी गेली. त्याची किंमत अशी की ‘तिच्यावर काय बेतलं’ याऐवजी ‘तिला काय झालं होतं’ यावर निकाल लागला. अनेक स्त्रियांना हे खुपतं आणि ते खुपणं रास्त आहे. नवऱ्याला मारणाऱ्या सॅली चॅलनच्या बाबतीत त्याने वर्षानुवर्षं चालवलेल्या कोअर्सिव्ह कंट्रोलची, म्हणजे धाकात ठेवून आयुष्यावर गाजवलेल्या सत्तेची, भरपूर चर्चा झाली, तरी २०१९ मध्ये सरकार पक्षाने स्वीकारली ती डिमिनिश्डवरची कबुली. आमचं मत स्पष्ट आहे: दोन्ही बाजूंचे डॉक्टर जुळत असतील तर डिमिनिश्ड घ्यावं, कारण अशिलाचं आयुष्य पणाला लागलेलं असतं. पण निर्णय तिला विचारून, दोन्हींचा अर्थ सांगून घ्यावा.

दोन्ही एकदम

चालतं. पुष्कळदा तसंच करतात, न्यायाधीश ज्युरीला प्रश्नांची लेखी साखळी देतो आणि बचाव एकामागून एक तपासले जातात. अडचण दोन ठिकाणी येते. एका बचावात ओझं सरकारवर, दुसऱ्यात आरोपीवर, आणि ज्युरीला हे डोक्यात वेगळं ठेवावं लागतं. दुसरं म्हणजे सूर: एकीकडे ‘सर्वसाधारण माणूसही असाच वागला असता’ आणि दुसरीकडे ‘ही व्यक्ती सर्वसाधारण अवस्थेत नव्हती’. छळाच्या प्रकरणात हे जुळवता येतं, कारण आजार त्या छळातूनच आलेला असतो. किरकोळ भांडणाच्या प्रकरणात जुळत नाही. तिथे एकच निवडा. ‘मी मारलंच नाही’ म्हणणाऱ्या अशिलाची तर मोठीच पंचाईत: नाकारल्यावर डॉक्टरला तो त्या रात्रीबद्दल सांगणार काय?

उशीर महाग पडतो

खटल्यात एक बचाव चालवून हरायचं आणि अपिलात दुसरा काढायचा, हे अपील कोर्ट सहजासहजी मान्य करत नाही (अर्स्किन, २००९). पुरावा तेव्हा का आणला नाही, याचं पटेल असं स्पष्टीकरण लागतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच कागद मागवावेत: जीपीची (फॅमिली डॉक्टरची) पूर्ण नोंदवही, अपघात विभागाच्या भेटी, ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर केलेले कॉल, घरी आलेल्या पोलिसांच्या नोंदी, मनाई हुकूम, अटकेनंतर कोठडीतल्या नर्सने लिहिलेलं टिपण आणि तिथे घेतलेले रक्त-लघवीचे नमुने. कोठडीतल्या त्या टिपणाकडे बहुतेक जण शेवटी वळतात. घटनेनंतर काही तासांत अशील कसा बोलत होता, झोपला होता का, काय म्हणाला, हे दुसऱ्या कुठल्याच कागदावर इतक्या लवकर उतरलेलं नसतं, आणि दोन्ही बाजूंचे मानसोपचारतज्ज्ञ ते आधी मागतात.